लाल पट्ट्याच्या वर

३ फेब्रुवारी

ती. दादास,

फोन केला असता, पण फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि तू बोललेलं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू जातं. म्हणून पत्र. भिंग जवळ घेऊन बस.

बातमी अशी की तुझा पूल माझ्या टेबलावर आलाय. पुलाला शंभर वर्षं होताहेत म्हणून रेल्वे त्यांच्या मोठ्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर कायमचं प्रदर्शन मांडणार आहे. मध्यभागी काचेची पेटी, तीत पूल, नदी, दोन्ही काठ आणि बटण दाबलं की धावणारी गाडी. हे सगळं मी करायचं. आजवर मी बिल्डरांसाठी न बांधलेल्या इमारतींची मॉडेलं करत आलो. गच्चीवरचे निळे पोहण्याचे तलाव करून करून हात विटले. खरी नदी पहिल्यांदाच करतोय.

नदी कशी करतात ते ऐक, तुला करमणूक होईल. आधी फळीवर प्लास्टरचं पात्र करायचं. ते रंगवायचं, मध्ये गडद, काठाकडे फिकट. खोली दिसते ती सगळी त्या रंगाची. वर पाणी असतं बोटभर. मग रेझिन. दोन बाटल्यांतलं द्रव मापाने एकत्र करायचं आणि हळू ढवळायचं, कारण घाईने ढवळलं की नदीभर बुडबुडे. मग पातळसा थर ओतायचा, वर खोकं उपडं घालायचं म्हणजे धूळ बसत नाही, आणि तो काचेसारखा घट्ट झाला की पुढचा थर. कडेला सुईएवढी फट राहिली तरी नदी टेबलावरून खाली उतरते. परवा माझी चप्पल जमिनीला चिकटलेली सापडली. ती अजून तिथेच आहे.

पूल मला नकाशावरून करता येतो. पाणी काही नकाशात नसतं. तू त्या पुलावर कित्येक वर्षं पहारा केलास. पाण्याचा रंग कसा, ते खांबाला वळसा कसं घालतं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. सवडीने लिही. वहिनीला नमस्कार सांग.

तुझा
खटपट्या


११ फेब्रुवारी

खटपट्या,

पत्र स्वतः वाचलं, मग वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, शेवटी कुणीतरी विचारलं म्हणायचं. मी म्हटलं, विचारतील नाहीतर काय करतील. त्या पुलाची काचेत ठेवण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे तो पुराचा दिवस. बाकीची वर्षं गाड्या आल्या आणि गेल्या. ते बघायला कोण येणार? एवढ्या उशिरा का होईना, त्यांना अक्कल आली.

आता लिहून घे, आणि आपल्या मनाचं काही घालू नकोस.

रंग चहाचा नव्हे. सगळे पुराचं पाणी चहासारखं करतात. वीटभट्टीच्या मागे डबकं साचतं ना, तसा. त्यात राखाडी झाक, आणि उजेड आरपार जात नाही. तळ दिसत नाही, तुझा तो गडद-फिकटाचा खेळ तिथे चालायचा नाही. फेस पांढरा नसतो. कपडे धुतलेलं पाणी मोरीत सोडल्यावर जो उरतो, तसला मळका असतो, आणि तो खांबांच्या मागे गोळा होतो.

पाणी खांबावर येऊन आपटतं तिथे ते वर चढतं. वीतभर नव्हे, हातभर. खांबाच्या पाठीमागे खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यात पाणी उलटं फिरतं. ताटात ओतल्यासारखी सपाट नदी केलीस तर मी येऊन काच फोडीन. झाडं वाहत होती, एक गव्हाण होती, आणि एक अख्खा दरवाजा आला, चौकटीसकट, बाहेरून कडी घातलेला. तो दरवाजा तिसऱ्या खांबाला आडवा लागला. तो कर.

आणि लाल पट्टा दिसता कामा नये. तिसऱ्या खांबावर रंगवलेला आहे तो. पाणी पट्ट्याला टेकलं की गाडी थांबवायची हा नियम मी केलेला नाही, त्यांनीच केलाय. त्या दुपारी पट्टा बुडला होता आणि एक्सप्रेस वळणावर आली होती. मी रुळांच्या मधोमध छाती काढून उभा राहिलो आणि लाल झेंडी दाखवली. गाडी थांबली. चौकशीचे साहेब आले ते पाणी ओसरल्यावर, पट्ट्याला ताजा रंग देऊन झाल्यावर. त्यांनी लिहिलं, पाणी पट्ट्याच्या खाली होतं, पहारेकऱ्याने घाबरून गाडी अडवली.

घाबरून. तेवढ्या एका शब्दावर मला पुलावरून उचलून कंदिलांच्या कोठारात टाकलं. निवृत्त होईपर्यंत मी काचा पुसल्या. तर आता तो पट्टा बुडालेला लोकांना दिसू दे. किती थर लागतील तेवढे ओत.

दादा


२० फेब्रुवारी

ती. दादास,

तुझं पत्र टेबलासमोर भिंतीला लावून ठेवलंय. दरवाजा केला. आगपेटीच्या काडीतून कोरला, कडी तांब्याच्या तारेची. भिंगातूनच दिसेल, पण आहे.

गढूळ पाण्याचा एक प्रयोग केला आणि आपटलो. रेझिनमध्ये रंग मिसळला आणि तुझ्यासारखाच उतावीळ होऊन सगळं एकदम ओतलं. जाड ओतलं की ते आतल्या आत तापतं. बघता बघता वाफा यायला लागल्या, खालचा प्लास्टिकचा डबा वितळून बसला आणि मधोमध तडा गेला. खालच्या मजल्यावरची बाई आग लागली म्हणून पाण्याची बादली घेऊन वर आली. मी तिला म्हटलं, थांबा, नदी आहे. तेव्हापासून ती जिन्यात भेटली की बाजूला सरकून उभी राहते.

खांबावर चढणाऱ्या पाण्याचं तू लिहिलंस ते बरं केलंस. ते रेझिनने होत नाही, रेझिन आपली पातळी शोधतं. त्याला घट्ट जेल असतं, ते ब्रशाने थोपटून थोपटून चढवायचं. त्या दिवसाबद्दल लिहिलंस तेही वाचलं. वाचून वाईट वाटलं.

आणखी थोडी मदत कर. प्रदर्शनाच्या साहेबांना खांब हुबेहूब हवेत. लाल पट्ट्याच्या खाली दगडांचे जे थर आहेत, त्यातल्या चौथ्या थरापासून खाली शेवाळ धरलेलं असतं का? हिरवं की काळपट? खांबांच्या बुडाशी गोटे दिसतात का, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खांबांच्या मध्ये वाळूचं बेट आहे ते केवढं? घाई आहे, लवकर कळव.

खटपट्या


२७ फेब्रुवारी

खटपट्या,

शेवाळ हिरवं असतं. हे विचारावं लागेल इतका तू आंधळा नाहीस. मग विचारलंस का, यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं, आणि तिसऱ्या दिवशी दाढी करताना उजेड पडला. गालाला कापलं. तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

पट्टा बुडला होता. मग पट्ट्याखालचा चौथा थर कुठे होता? त्याच्यावरचं शेवाळ कुणी बघायचं, माशांनी? वाळूचं बेट विचारतोस. त्या दिवशी बेट कुठे होतं हे ते बेटालाही माहीत नव्हतं. बुडाशी गोटे दिसतात का म्हणे.

तू पुराची नदी करतच नाहीयेस. तू उन्हाळ्याची नदी करतोयस, स्वच्छ, तळ दिसणारी, खाली गोटे, वर झुकझुक गाडी. आणि ते मला न सांगता माझ्याकडूनच माहिती काढून घेतोयस. मी मूर्खासारखा तुला वीटभट्टीचं डबकं सांगत बसलो. तू ते भिंतीला लावलंस आणि म्हणालास, वाईट वाटलं. तुझं वाईट वाटणं तुझ्या चपलेशेजारी चिकटवून ठेव.

एक सरळ विचारतो, सरळ उत्तर दे. पाणी किती ओतायचं हे कुणी ठरवलं? आणि तिथे पाटी काय लावणार आहेत? पाटी असेलच. पाटीशिवाय त्यांना जेवणही जात नाही.

त्या साहेबांनी माझं नाव खराब केलं ते एकवेळ समजतं, ते माझे कुणी नव्हते. तुला मी सायकल शिकवली.

दादा


६ मार्च

ती. दादास,

सरळ उत्तर देतो.

पाण्याची पातळी त्यांनी ठरवली. नकाशावर रेघ मारून दिली आहे, पट्ट्याच्या चांगली खाली. पाटीचा मजकूरही ठरलाय: ‘शंभर वर्षांत पाणी एकदाही लाल पट्ट्याला शिवलं नाही.’ हे मला काम हाती घेतल्याच्या दिवसापासून माहीत होतं. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू हेच केलं असतंस जे आता केलंस.

आता माझंही ऐकून घे. तू एकटाच रागावू शकतोस असं कुठे लिहिलेलं नाही.

पहिलं, ते काम माझ्याकडे तुझा भाऊ म्हणून आलेलं नाही. मी तुझा कोण ते तिथे कुणाला ठाऊक नाही. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं, आणि त्याने दगडाचे थरसुद्धा मोजले नसते. दुसरं, ती खोटी नदी नाही. ती नदी उन्हाळ्यात तशीच असते, तूच मला तिथे गोटे वेचायला न्यायचास. तिसरं, तो एक शब्द. दादा, त्या शब्दाने तुला कोठारात टाकलं हे खरं, पण तू तो शब्द घरी आणलास आणि जेवायला बसवलास. ताट वाढलं की तो शब्द. पाहुणे आले की तो शब्द. माझ्या लग्नात तू मुलीच्या मामाला मांडवात उभं करून पाण्याची पातळी समजावून सांगत होतास. तो बिचारा शिंपी होता. मी लहान असताना ‘तू घाबरला होतास का’ असं एकदाच विचारलं, तर तुझ्या डाव्या हाताची जी चपराक बसली ती अजून आठवते. डावखुऱ्या माणसाची चपराक कुठल्या बाजूने येईल ते समोरच्याला कळतच नाही.

आणि आता काही उपयोगही नाही. पहिले थर ओतून झालेत, स्वच्छ, पारदर्शक. गोटे दिसताहेत. शेवाळ मी हिरवंच केलं. या धंद्यात पाणी वाढवता येतं, कमी करता येत नाही. एकदा घट्ट झालं की खरवडून काढायला जावं तर खांब हातात येतो. जे आहे ते आहे.

तुला राग येईल. येऊ दे.

खटपट्या


१९ मार्च

प्रिय भावजींस,

हे पत्र मी लिहितेय, कारण तुमचे दादा म्हणतात त्यांना भाऊ नाही. गेले दोन आठवडे त्यांना भाऊ नाही आणि मला घर नाही.

काय चाललंय ते सांगते. त्यांनी परसात माझा कपडे धुवायचा टब नेला. त्यात तीन विटा उभ्या केल्या, मधल्या विटेवर माझ्या कुंकवाने लाल रेघ ओढली, आणि नळाला पाइप लावून पाणी सोडतात. पाणी विटेवर कसं चढतं ते बघतात. मला बोलावून दाखवतात. शेजारच्यांना बोलावतात. टपाल टाकायला आलेल्या माणसालाही बसवून दाखवलं. काल पाइप नळावरून सुटला आणि स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं. मी खराटा घेऊन पाणी लोटतेय आणि हे दारात उभे राहून म्हणतात, बघ, उंबऱ्यापाशी कसं चढलं बघ. त्या क्षणी खराटा कुठे घालावा हे मला नीट ठाऊक होतं.

तुम्हा दोघा भावांचा मला वीट आलाय. ते तर आहेतच तसे. पण तुम्ही शहाणे म्हणवता ना? तुम्ही लिहिलंत की त्यांनी तो शब्द जेवायला बसवला. बसवला, खरं आहे. वाढलं मी. तुम्ही पानावरून उठून शहरात गेलात. मी रोज वाढलं. तेव्हा त्या शब्दाचा कंटाळा यायचा हक्क माझा आहे, तुमचा नाही.

पाणी किती चढलं होतं ते मला माहीत नाही, मी पुलावर नव्हते. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांच्या डाव्या तळहाताची साल निघाली होती. पार सोललेला. मी विचारलं, हे काय झालं. म्हणाले, घसरलो. मी मलम लावलं, फडकं बांधलं. पुन्हा विचारलं नाही. घसरलेल्या माणसाचे गुडघे फुटतात, भावजी. गुडघे धड होते.

तुम्हाला रेल्वेच्या साहेबांचं ऐकायचं असेल तर ऐका. पोट आहे, मी समजू शकते. मग तसं पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. ज्या नदीत त्यांना बुडवलं तिचंच शेवाळ त्यांना विचारायचं नव्हतं. एवढ्या वर्षांत तुमच्या पहिल्या पत्राला उत्तर लिहिताना मी त्यांना पहिल्यांदा खुशीत पाहिलं होतं. दोनदा कागद बदलला. ते तुम्ही केलंत, आणि काढूनही घेतलंत.

टब मी परत आणलाय. उत्तर पाठवायची गरज नाही.

वहिनी


२४ एप्रिल

ती. दादास,

तू हे पत्र उघडणार नाहीस, वहिनी उघडेल. वहिनी, मोठ्याने वाच, तो दुसऱ्या खोलीत बसून ऐकेल.

वहिनीचं पत्र आल्यावर मी काही दिवस त्या टेबलाकडे गेलोच नाही. मग एकदा जाऊन नदीकडे नीट पाहिलं. छान झाली होती. गोटे, शेवाळ, वाळूचं बेट, वर हलकीशी लहर. आणि तिसऱ्या खांबाला टेकवून ठेवलेला तो दरवाजा, कडी घातलेला. तो तिथे कसा आला याचं त्या पाण्यात काही उत्तर नव्हतं. घोटाभर पाण्यात दरवाजा वाहत नाही. मी तो उचलून खिशात टाकला, आणि मला माझीच एवढी चीड आली की मी खोलीचं दार लावून घेतलं.

मग तुझं पत्र भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं आणि त्यात लिहिल्याप्रमाणे काम सुरू केलं. वीटभट्टीचा रंग जुळायला बराच वेळ लागला. तांबड्यात काळा टाकला की तपकिरी होतं, राखाडी झाक येत नाही. शेवटी चुलीची राख वस्त्रगाळ करून मिसळली. या वेळी उतावीळ झालो नाही. पातळ थर, वर खोकं, घट्ट झाला की पुढचा. पहिल्या गढूळ थराखाली गोटे दिसेनासे झाले. मग बेट गेलं. शेवाळाचा चौथा थर गेला. ज्या सकाळी लाल पट्टा बुडला, त्या सकाळी मी दरवाजा खिशातून काढून परत तिसऱ्या खांबाला आडवा लावला आणि खालच्या बाईला वर बोलावून दाखवलं. ती म्हणाली, आता ही खरी वाटते.

त्यांची नदी खाली आहे, दादा. तुझी तिच्यावर आहे. पाणी वाढवता येतं.

साहेब उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी आले. तोवर पेटी तिथे नेऊन बसवली होती. आधी त्यांना काही कळलंच नाही, ते पडद्याच्या रंगाबद्दल बोलत होते. मग म्हणाले, पट्टा कुठे आहे? मी म्हटलं, पाण्याखाली. म्हणाले, कमी करा. मी म्हटलं, कमी होत नाही. म्हणाले, खरवडा. मी पटाशी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, तुम्हीच खरवडा, पूलही बरोबर येईल, उद्या पाहुण्यांना रिकामी पेटी दाखवा. मग जे बोलणं झालं ते वहिनीसमोर वाचण्यासारखं नाही. मी तुझा भाऊ आहे हे तेव्हाच त्यांना सांगितलं. सांगायला मजा आली. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासारखा ओरडलो, शिपाई पाणी घेऊन आला.

पूल त्यांना हवा होता, म्हणून पेटी राहिली. ती शंभर वर्षांची पाटी काढली. तिच्या जागी दुसरी लावली: ‘काल्पनिक दृश्य’. यापुढे तिथलं काम मला मिळणार नाही, तेही सांगून झालं.

म्हणजे मी काही जिंकलो नाही. तरी एकदा येऊन बघ. गाडी वळणावरून येते, पुलाच्या अलीकडे थांबते आणि मागे जाते; पूल ओलांडत नाही. भिंग घेऊन ये. एक गोष्ट मी पत्रात लिहिलेली नाही.

खटपट्या


१२ मे

खटपट्या,

जाऊन आलो. वहिनीला घेऊन गेलो होतो. ती प्रवासभर म्हणत होती, तिथे आवाज चढवू नका. नाही चढवला. दारावरच्या माणसाने भिंग पिशवीतून काढायला लावलं, तेव्हा जरासा चढला.

पाटी वाचली. ‘काल्पनिक’. तिथल्या तिथे ती उखडून साहेबाच्या टेबलावर आपटावी असं वाटलं, आणि मी पुढे झालोही होतो. पण पेटीभोवती पोरं चिकटली होती, वाट मिळेना. एक पोरगी सारखं बटण दाबत होती. गाडी यायची, थांबायची, मागे जायची. तिचा बाप म्हणाला, चल आता, किती वेळा तेच. ती म्हणाली, पुढे गेली तर बुडेल ना? बाप म्हणाला, बुडेलच. त्या दोघांनी पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग मी म्हटलं, राहू दे ती पाटी. वाचणाऱ्यांसाठी असते.

आता चुका ऐक. रंग जमलाय. तो राखेमुळे जमलाय, तुझ्यामुळे नव्हे. फेस अजून पांढराच आहे, मळव त्याला. पहिल्या आणि दुसऱ्या खांबावर पाणी चढवलंस ते ठीक, पण चौथ्यावर विसरलास, तिथे ते ताटासारखं पडलंय. गव्हाण विसरलास. दरवाजाची कडी आतून घातली आहेस. मी स्पष्ट लिहिलं होतं, बाहेरून. तो दरवाजा बाहेरून बंद होता, म्हणजे आत कुणी नव्हतं. त्या दिवशी मी तेवढ्यावरच धीर धरला होता. ती दुरुस्ती आधी कर.

मग वहिनी म्हणाली, अहो, इथे कुणीतरी उभं आहे. मी भिंग लावलं. तांदळाचा दाणा उभा करावा एवढा माणूस, रुळांच्या मधोमध, छाती काढून, हातात झेंडी. तुझ्या बोटांना एवढं बारीक जमतं हे मला ठाऊक नव्हतं. मी बराच वेळ भिंग खाली केलं नाही. काच धुरकटली, वहिनीने पदराने पुसली.

पण चूक ती चूकच. झेंडी तू डाव्या हातात दिलीस. मी डावखुरा, म्हणून तू आपल्या डोक्याने दिलीस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर उजव्या हातात दिली असती आणि ते चुकून बरोबर आलं असतं. झेंडी उजव्या हातात होती. डावा हात मोकळा नव्हता.

मी रुळांच्या मधोमध नव्हतो. कठड्याशी होतो. पूल पायाखाली थरथरत होता, दाराएवढ्या लाकडाने खांब हलतो हे मी तेव्हा पाहिलं, आणि माझ्याने कठडा सोडवेना. ज्या हातात जोर त्या हाताने तो धरला होता. गाडी थांबली, ड्रायव्हर उतरून आला, तरी सुटेना. त्याने एकेक बोट उकललं. साल तिथे राहिली. तू लहानपणी विचारलंस तेव्हा मी तुला का मारलं ते आता लिहायची गरज नाही.

साहेबाने लिहिलं होतं, पाणी खाली होतं आणि पहारेकरी घाबरला. त्यातलं अर्धं खोटं होतं म्हणून मी उरलेलं अर्धंही आयुष्यभर खोटं ठरवत बसलो. पाणी पट्ट्याच्या वर होतं आणि मी घाबरलो होतो. दोन्ही. वहिनीला परतीच्या गाडीत सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, गुडघे धड होते.

तर पेटी उघडायला तुला देतील की नाही ते तू बघ, भांड, रड, शिपायाला धर. पण त्या माणसाला रुळांच्या मधून काढ आणि कठड्याशी उभा कर. झेंडी उजव्या हातात. डाव्या हाताने कठडा घट्ट धरलेला दिसला पाहिजे. नाही दाखवलास तर मी येऊन काच फोडीन.

दादा